पाणी वर्ज्य असलेला देव

जयपूरहून परतलेल्या माणसाने हवामहालाविषयी चार ओळी तरी लिहाव्यात, अशी अपेक्षा असते. मी हवामहाल चालत्या ई-रिक्षातून पाहिला. मान वळवीपर्यंत तो मागे पडला होता. आमेरचा किल्ला पायथ्यावरून पाहिला, कारण गुडघ्यांनी वर येण्यास नकार दिला. ही दोन स्थळे ज्यांना जाणून घ्यावयाची असतील त्यांनी दुसऱ्या कोणाचे वर्णन वाचावे. आम्ही उभयता त्या नगरीत गेलो होतो ते आमच्या घरातील एका देवाला निरोप देण्यासाठी, आणि मला सांगावयाचे आहे ते त्याविषयीच.

आमच्या चंद्रपूरच्या घरी देवघरात शालिग्राम, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या उजव्या हाताला वीतभर लांबीचा एक तपकिरी देव आहे. परक्याला तो लाकडाची ढलपी वाटेल. एका अंगाने सालीसारखा खडबडीत, दुसऱ्या अंगाने सपाट. ना मुख, ना हात. त्याचे नाव काष्ठदेव. माझे पणजोबा सिरोंच्याला प्राणहितेच्या काठी शाळामास्तर होते. पुरात उन्मळून पडलेल्या एका महावृक्षाच्या बुंध्यातून त्यांनी हा देव स्वहस्ते कापून काढला, असे आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. लाकूड पाण्याने कुजते, म्हणून या देवाला पाणी वर्ज्य. बाकीच्या देवांना रोज स्नान. काष्ठदेवाला कोरडे वस्त्र, कोरड्या अक्षता आणि निथळून पुसलेले तुळशीपत्र. सून घरात आली की तिला पहिली शिकवण हीच मिळे. माझी पत्नी सुलभा हिला ती माझ्या आईने दिली, आणि पुढे सेहेचाळीस वर्षे तिने त्या देवावर पाण्याचा शिंतोडाही उडू दिला नाही.

गेल्या वसुबारसेला देवघर आवरताना तो तिच्या हातून निसटला आणि समईच्या बैठकीवर आपटला. काठाची नखाएवढी कपची उडाली.

“अहो, आवाज ऐकला का?” तिने त्या स्थितीतही विचारले. “लाकूड असं वाजते का कधी?”

“आवाजाचं काय घेऊन बसलीस,” मी म्हटले. “देव भंगला.”

ते दोन शब्द मी उच्चारावयास नको होते. त्या दिवसापासून तिने मीठ सोडले. फुले तोडून आणी, पण देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून देई. पूजेला हात लावीना. सत्तरीतल्या बाईने अळणी वरणभात खात मुकाट बसावे, हे पाहवत नव्हते. परंतु माझ्यापुढेही अडचण होती. मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक, म्हणून आमच्या वसाहतीत कोणाची मूर्ती दुखावली की लोक ती माझ्याकडे घेऊन येतात, आणि भग्न मूर्ती घरात ठेवू नये, तिचे जलात विसर्जन करावे, असे मी आजवर कितीएकांना सांगितले आहे. त्यांनी डोळे पुसत ते ऐकले आहे. लोकांना एक शास्त्र आणि आपल्या घरात दुसरे, असे कसे चालेल? शेवटी मी ठरविले की विमा कार्यालयातील नोकरीमुळे जयपूरला असलेल्या मुलाकडे जावे, तेथील मूर्तिकारांकडून याच आकाराचा नवा देव घडवून घ्यावा, आणि जुन्याचे विसर्जन जवळच्या पुष्करतीर्थात करावे. तीर्थ थोर, मूर्तिकार नामांकित. यात उणे काढण्यासारखे काही नव्हते.

“दुसरं काहीच नाही का हो?” सुलभाने एकदाच विचारले.

“नाही,” मी म्हटले.

बनी पार्क

गाडीतला दीड दिवस सोडून देतो. मार्गशीर्षात जयपूरची सकाळ अशी असते की तांब्यातले पाणी हाताला चावते. श्रीकांत, आमचा मुलगा, बनी पार्कमध्ये एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालकीण कौशल्याजी. गल्लीत कडुनिंब पुष्कळ, पोपट त्याहून अधिक, आणि सकाळी सातला कोणाच्या तरी घरातून तुपात जिरे पडल्याचा वास येतो.

सूनबाई मेधाने पहिल्याच दिवशी दाल-बाटी केली. बाटी फोडून तुपात बुडवावयाची आणि डाळीत कुस्करावयाची. मला आमच्याकडचे रोडगे आठवले. तेच पीठ, तीच गोवऱ्यांची धग, फक्त आपल्याकडे सोबतीला वांग्याची भाजी आणि येथे पंचमेळ डाळ. एवढ्या दूरवर येऊनही पीठ आणि विस्तव यांनी एकच गोष्ट करावी, याचा मला संतोष वाटला. सुलभाने बिनमिठाची एक बाटी ताकाबरोबर खाल्ली. श्रीकांतने ताकाचे भांडे तिच्याकडे सरकविले. नात मृण्मयी मात्र महाविद्यालयात जाणारी, जन्म भोपाळचा, वाढ इंदूर आणि जयपूरची. तिचे मराठी अडखळत चालते, पण थांबत नाही.

“आजी, तू नमक का नाही खात? मतलब, डॉक्टरने सांगितलं?”

“नाही गं. माझं मीच सांगितलं.”

संध्याकाळी कौशल्याजी पाहुण्यांना भेटावयास वर आल्या. या नगरीत घरातील देवाला ठाकुरजी म्हणतात आणि लेकरासारखे वागवितात. कौशल्याजींच्या ठाकुरजींना थंडीत लोकरीची टोपी असते, स्नानाचे पाणी कोमट लागते, दुपारी पडदा ओढून निजवावे लागते; ते निजलेले असताना त्या मोठ्याने बोलत नाहीत. आपल्याकडे देव राजा असतो किंवा माऊली असतो. तो कुडकुडेल असे आपल्या मनात येत नाही. हे ऐकताना मला प्रथम हसू आले आणि थोड्या वेळाने आले नाही.

“और आपके ठाकुरजी?” त्यांनी विचारले.

सुलभाने पिशवीतून जुन्या धोतराच्या घडीत गुंडाळलेला काष्ठदेव काढून दाखविला. कौशल्याजींनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

“नहलाती कब हैं इनको?”

“नहीं नहलाते. लकड़ी के हैं ना.”

“कभी नहीं?”

“कभी नहीं.”

“अरे, बेचारे,” कौशल्याजी म्हणाल्या. “इतने बरस, बिना नहाए.”

त्या गेल्यावर सुलभा बराच वेळ देव मांडीवर घेऊन बसली. “बेचारे म्हणाल्या त्या,” ती म्हणाली. मी पंचांग पाहत होतो. रविवारी पुष्करला जाण्यासाठी श्रीकांतने गाडी ठरविली होती आणि मला तिथी पडताळावयाची होती.

मूर्तिकारांचा रस्ता

दुसऱ्या दिवशी मृण्मयी आम्हा दोघांना जुन्या शहरात घेऊन गेली. ज्या गल्लीत संगमरवराच्या मूर्ती घडतात तिला खजानेवालों का रास्ता म्हणतात. तेथे प्रवेश करताच जगाचा रंग बदलतो. दुकाने पांढरी, पायऱ्या पांढऱ्या, सायकलींच्या घंटा पांढऱ्या, माणसांच्या भुवया पांढऱ्या. ओट्यांवर राधा, हनुमान, गौतम बुद्ध, कोणाचे तरी दिवंगत आजोबा, असे सारे एका रांगेत उभे. सर्वांचे डोळे अजून कोरे. नेत्र शेवटी काढतात, असे कळले. तोवर तो दगड असतो आणि कारागीर त्याच्यावर चहाचा पेलाही ठेवतो. डोळे उघडले की मात्र त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत. ही रेषा त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेली नसावी, पण ती फार नेमकी आहे.

श्रीकांतने ज्यांचे नाव दिले होते ते गौरीशंकरजी माझ्याच वयाचे. मी त्यांना सर्व सांगितले. लाकडाचा देव, पणजोबा, भंग, नवी मूर्ती. त्यांनी हात धुतले, पुसले, मग देव तळहातावर घेतला. हात किंचित खाली गेला.

“लकड़ी?” ते म्हणाले. “बाबूजी, इसे कभी उठाया है?”

“रोज उठाता हूँ.”

“और भारी नहीं लगा?”

भारी तर लागतच होता. आमच्या घरी त्याला देवत्वाचा भार म्हणत. लहानपणी मी आजोबांना विचारले होते तेव्हा त्यांनी हेच उत्तर दिले होते, आणि मी ते श्रीकांतला जसेच्या तसे दिले. ही परंपरा हिंदीत कशी सांगावी हे मला सुचेना.

गौरीशंकरजींनी सुलभाकडे पाहून विचारले, “माताजी, नीचे से ज़रा-सी छिन्नी लगाऊँ?” तिने मान हलविली. त्यांनी तळाला पोलादी छिन्नीचे टोक ओढले. देवावर करडी रेघ उमटली. त्यांनी अंगठ्याने ती पुसली. रेघ गेली आणि खाली ओरखडा नव्हता. लोखंडानेच आपला अंश तेथे ठेवला होता.

“यह तो मेरी छिन्नी को खा जाए,” ते म्हणाले. “नक़ल मैं बना दूँगा. पर नक़ल किस चीज़ की है, पहले यह तो पता हो. आप रामगंज जाइए, सलीम भाई के पास. नगीने घिसते हैं. पत्थर उनसे झूठ नहीं बोलता.”

“पत्थर?” मी म्हटले.

“मैंने कुछ नहीं कहा,” गौरीशंकरजी म्हणाले, आणि त्यांनी देव दोन्ही हातांनी परत दिला.

रामगंज

सलीमभाईंचे नगीने, म्हणजे रत्नांचे खडे, घासण्याचे काम एका अरुंद जिन्यावरच्या खोलीत चालते. खिडकीपाशी ते मांडी घालून बसतात. पुढ्यात उभे फिरणारे चाक, आणि वर टांगलेल्या डब्यातून त्याच्यावर थेंब थेंब पाणी. त्या चाकाला तेथे सान म्हणतात. संस्कृतातला शाण तो हाच, आणि आपण ज्यावर गंध उगाळतो ती सहाणही त्याच कुळातली. नगीने घासणारा आणि चंदन उगाळणारा हे दोघे भाषेच्या दृष्टीने भाऊबंद आहेत, हे मला जिन्याची धाप ओसरत असताना उमगले, आणि परक्या खोलीत पाऊल टाकताना मनात जो संकोच होता तो पुष्कळसा उतरला. घरातला देव देवघराबाहेरच्या इतक्या हातांतून फिरावा, हे मला रुचत नव्हते. खोटे कशाला सांगू.

सलीमभाईंनी चाक थांबविले. आम्ही सांगितले ते ऐकून घेतले. देवाला हात लावण्याऐवजी त्यांनी एक स्वच्छ रुमाल पसरला आणि “इस पर रखिए, माताजी” असे म्हणून भिंग घेऊन वाकले.

“टूटा हुआ टुकड़ा है?”

“नहीं,” मी म्हटले. “वह तो…”

सुलभाने कमरेची पिशवी सोडली, हळदीकुंकवाची चांदीची डबी काढली आणि तिच्यातून ती कपची रुमालावर ठेवली. ती तिने जपून ठेवली आहे, हे मला ठाऊक नव्हते. मी समजत होतो की केरात गेली.

सलीमभाईंनी कपची प्रकाशात धरली. कडेने ती मधासारखी किंचित पारदर्शक दिसली. मग ते माझ्याकडे वळले.

“पंडितजी, थोड़ा पानी डालना होगा. सूखे में इसका चेहरा नहीं दिखता.”

“पानी नहीं,” मी म्हटले. “पानी इसे मना है.”

“हम तो हर पत्थर को पानी में ही देखते हैं.”

“हमारे घर में चार पीढ़ियों से…”

“अहो,” सुलभा म्हणाली.

तिच्या हातात आमचा प्रवासातला फिरकीचा तांब्या होता आणि तिने झाकण उघडलेले होते.

“काय करून राहिली तू?”

“रविवारी याला तळ्यात बुडवायलाच नेऊन राहिलो ना आपण?” ती शांतपणे म्हणाली. “मग आज चार थेंबांनी याचं काय बिघडते?”

पस्तीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसाजवळ या प्रश्नाला उत्तर असावयास हवे होते. मी ते शोधीत होतो तोवर तिने पाणी घातले.

सपाट अंग ओले झाले आणि काळोखात दिवा लावावा तसे त्यातून काहीतरी वर आले. तांबूस, करड्या, पिवळसर रेषा. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, कमानीसारख्या वळलेल्या. मधोमध एक गाठ, फांदी फुटली असेल तिची. रेषांमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे, हजारोंनी. सेहेचाळीस वर्षे कोरड्या फडक्याने पुसलेल्या त्या अंगावर आम्ही यातले काहीही पाहिले नव्हते.

“देखिए,” सलीमभाई म्हणाले, “इसके साल.”

“साल तर या बाजूला आहे,” सुलभा मला म्हणाली, आणि तिने खडबडीत अंगावर बोट ठेवले. हिंदीतले साल म्हणजे वर्ष, आपली साल म्हणजे झाडाची त्वचा. ती एक समजली, ते दुसरे सांगत होते. मृण्मयीने दोन्हींकडे पाहून घोटाळा सोडविला. तेव्हा सलीमभाई हसले. “दोनों हैं, माताजी. छाल भी है, साल भी.”

“पर यह है क्या?” मी विचारले.

“लकड़ी का पत्थर. जैसलमेर की तरफ़ पूरे-पूरे तने पड़े हैं ऐसे. आपके उधर भी होगा. पेड़ गिरा, नदी की मिट्टी में दब गया, हवा नहीं लगी तो सड़ा नहीं. फिर पानी आता रहा. पानी अपने साथ पत्थर लाता है, पंडितजी, घुला हुआ, और लकड़ी के एक-एक छेद में रखता जाता है. जल्दी उसे है नहीं. लकड़ी चली गई, नक़्शा रह गया.”

“म्हणजे आजोबा,” मृण्मयी म्हणाली, “हे खरंच झाड होतं. मतलब, अब नहीं है, पण होतं. आणि पाण्यानेच याला असं केलं.”

“ऐकलं का?” सुलभा म्हणाली. एवढेच. वसुबारसेच्या आवाजाविषयी ती बोलली नाही. मला तो त्या क्षणी स्पष्ट ऐकू आला, पितळेवर पडलेल्या दगडाचा खणखणीत.

सलीमभाईंनी कपची भंगलेल्या जागी बसवून पाहिली. ती अशी बसली की सांधा दिसेना. “चिपका दूँ?” त्यांनी विचारले. मी सुलभाकडे पाहिले. ती म्हणाली, “आत्ता नको.” त्यांनी श्रमाचे काही घेतले नाही, पाणी तर तुमचेच होते, म्हणाले.

जिना उतरेपर्यंत देव वाळला आणि पुन्हा साधा तपकिरी झाला.

कडुनिंबाखाली

पुढचे दोन दिवस मी बनी पार्कच्या गल्ल्यांतून सकाळी फिरत होतो आणि मनाशी विचार करीत होतो. उगाच घाई केली नाही. मला भीती होती ती वेगळीच. पत्नीचे दुःख मोठे, म्हणून मी शास्त्र वाकवितो आहे काय?

एक गोष्ट प्रथम लक्षात आली आणि तिने मला माझ्याच पाठांकडे नेले. शाळेत मी मुलांना च्वि प्रत्यय शिकवीत असे. जे मुळात तसे नव्हते ते तसे झाले, असे सांगावयाचे असले की हा प्रत्यय लागतो. शुक्ल नव्हते ते शुक्ल झाले, शुक्लीभूत. अश्म म्हणजे दगड. अश्म नव्हते ते अश्म झाले, अश्मीभूत. हे दुसरे उदाहरण मी प्रत्येक वर्षी फळ्यावर लिहिले. या प्रत्ययाची मौज अशी की तो स्वतः शिल्लक राहत नाही. त्याची सर्व अक्षरे लोप पावतात, आणि मागे उरतो तो फक्त एक दीर्घ ईकार, कोणीतरी येथे होते याची खूण म्हणून. लाकूडही तसेच गेले. त्याचा कण न् कण पाण्याने नेला आणि जागेवर आपला कण ठेवला, आणि वर्तुळे तेवढी राहिली. चंद्रपूरला परत आल्यावर येथील महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकांना मी हे विचारले. त्यांनी सांगितले की सलीमभाईंनी जे सांगितले त्यात त्यांना फारसे काही जोडावयाचे नाही. गारगोटीत जे द्रव्य असते तेच पाण्यात विरघळून येते, लोहाच्या अंशाने त्याला तांबूस रंग चढतो, आणि या सर्वाला लागणारी वर्षे कोटींनी मोजावी लागतात. प्राणहितेच्या खोऱ्यात अशी झाडे आहेत. फळ्यावरच्या शब्दाचे उदाहरण माझ्या देवघरात बसलेले होते आणि मी ते जन्मभर कोरड्या फडक्याने पुसत आलो होतो.

मग मुख्य प्रश्न. भग्न मूर्ती वर्ज्य, हा नियम माणसाने घडविलेल्या, प्रतिष्ठा केलेल्या प्रतिमेचा. जो स्वयंभू आहे त्याला भंगाचा दोष नाही; शालिग्राम दुभंगला तरी पूजेत राहतो, हे मी लोकांना सांगत आलोच होतो. आमचा देव पणजोबांनी कापून काढला, म्हणून तो घडविलेला, असे मी धरून चाललो होतो. परंतु ज्याच्यावर पोलादी छिन्नीचा ओरखडा उठत नाही तो सिरोंच्याच्या शाळामास्तरांनी कोणत्या करवतीने कापला असेल? त्यांना तो नदीकाठी तसाच सापडला असणार. त्यांनी उचलला, नमस्कार केला आणि घरी आणला. कापण्याची कथा मागाहून कोणीतरी प्रेमाने जोडली. म्हणजे तो कोण्या प्रचंड खोडाचा निखळलेला तुकडा. आमच्या घरी आला तेव्हाच तो तुटलेला होता. तुटलेल्याचीच आम्ही चार पिढ्या पूजा केली आणि त्याने आम्हाला काही कमी केले नाही. नियम तसाच उभा होता. मी तो चुकीच्या देवाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवावयास बसलो तेव्हा मी हे सर्व क्रमाने सांगितले. श्रीकांतने दोनदा मध्ये विचारले, “बाबा, म्हणजे विसर्जन नाही?” आणि मी दोनदा म्हटले, “मला पूर्ण बोलू दे.” शेवटी मी म्हटले, “विसर्जन नाही. आणि सुलभा, तू विचारलं होतंस ते मी ऐकायला हवं होतं. आवाज लाकडाचा नव्हता.”

तिने ताटातला अळणी भात बाजूला सारला.

“किती समजावून सांगता तुम्ही,” ती म्हणाली. “मला तर जिन्यावरच समजलं होतं.” मग मेधाकडे वळून, “सूनबाई, मीठ दे गं जरा. आणि ती लाल लसणाची चटणी म्हणून काय करतात इथे, तीही असली तर दे.”

मेधाने मिठाचा डबाच आणून पुढ्यात ठेवला. मृण्मयी हसत सुटली.

पुष्कर, आणि निघताना

रविवारची गाडी ठरलेली होती, म्हणून पुष्करला गेलोच. नूतन मूर्ती नको, हे मी गौरीशंकरजींना आदल्या दिवशी दूरध्वनीवर कळविले होते. “अच्छा हुआ,” ते म्हणाले, “मैं तो नाप भी नहीं ले पाता.” वाटेत अजमेरच्या अलीकडे टेकड्या तांबूस आणि उघड्या होत्या. मी प्रत्येक कातळाकडे नव्या संशयाने पाहत होतो, की हा आधी कोण असेल.

घाटावर एका पुरोहिताने संकल्पासाठी विचारले, “विसर्जन?” तो शब्द मी मनात इतक्यांदा घोकला होता की क्षणभर मान हलली असती. सुलभा पायरीवर बसली होती, देव तिच्या दोन्ही तळव्यांत. “स्नान,” ती म्हणाली. तिने ओंजळीने पाणी घेतले, घातले, आणि रेषा वर येताना पाहिल्या. पाणी फार थंड होते. “गरम असतं तर बरं झालं असतं,” ती पुटपुटली, “त्या कौशल्याजींसारखं.”

निघण्याच्या सकाळी मृण्मयी माझ्या शेजारी येऊन बसली. “आजोबा, तो छोटा तुकडा… मतलब, तुम्ही नेणार?”

“का?”

“इथे आमच्याकडे काही नाही तसं. घरात. मला ठेवायचा होता.”

हे कुतूहल की भक्ती, असा प्रश्न माझ्या जिभेवर आला. मृण्मयी म्हणजे मातीची, आणि ते झाड जपले होते मातीनेच. नाव मीच सुचविले होते. मी प्रश्न गिळला. सुलभाने तोवर चांदीची डबी उघडलीच होती.

“देवघर नसलं तरी चालते,” तिने नातीला सांगितले. “खिडकीत ठेव. पण रोज पाणी घालायचं. विसरायचं नाही.”

“रोज?”

“रोज. चार पिढ्यांचं राहिलं आहे.”

आता आम्ही चंद्रपूरला आहोत. आमच्या घरची पहिली शिकवण बदलली आहे, आणि ती पुढच्या सुनांना सांगण्याचे काम सुलभाने स्वतःकडे घेतले आहे. सकाळी मी पाटावर बसतो, ती समोर. शालिग्रामानंतर काष्ठदेवाची पाळी. त्याचे नाव आम्ही बदलले नाही. जे होते त्याचीही खूण राहावी. मी सूक्त म्हणतो, ती धार धरते. वर्तुळे वर येतात, पाणी ओघळते, आणि वाळू लागताच ती एकेक करून आत जातात. माझे म्हणणे संपते तरी तिचे स्नान संपत नाही.

मी तांब्या पुन्हा भरून देतो.